अनिसनं सरकवलेली टेकडी

अनिस गेल्याचा फोन आला तेव्हा मी सलूनच्या खुर्चीत होतो. अर्धी दाढी उतरलेली, अर्ध्या गालावर फेस. तसाच उठलो आणि बीडच्या भर बाजारातून त्याच्या घराकडे धावत सुटलो. लोक हसत होते. तो असता तर सगळ्यांत मोठ्यानं हसला असता...

फळवाल्या हबीबचाचांचा हा मुलगा. समुद्र इथून कुठल्या कुठं, आणि यानं पोटापाण्याला धरलं काय, तर त्सुनामी! समुद्राच्या तळाशी भूकंप झाला तर लाट कुठून उठेल, किती वेळात कुठल्या किनाऱ्यावर चढेल, हे तो कॉम्प्युटरवर मांडून बघायचा. मला समजावं म्हणून एकदा ऐन उन्हाळ्यात त्यानं पाण्यानं भरलेली परात माझ्या हातात दिली आणि "हा भूकंप!" म्हणत खालून बुक्की हाणली. सगळं पाणी शेजारी बसलेल्या चाचांवर. अम्मी कडाडल्या, "कमबख्ता, टँकर काय तुझा बाप आणणार हाय?" चाचा पायजमा पिळत म्हणाले, "बाप हितंच भिजलाय, त्याला कावून मधी घेता?"

पण अंदमानातल्या एका मच्छीमार वस्तीची थट्टा त्यानं कधी केली नाही. खाडीकाठच्या वाळूवर घरं, आणि चढायला एकच टेकडी, तीही खाडीपलीकडं. तिथं तो राहून आला होता, त्यांच्या हातचं जेवला होता. भूकंपाची जागा बदलली, जोर कमी केला, तरी त्याच्या पडद्यावर लाट आधी पोचायची, माणसं मागं राहायची. खाडीवर पूल झाला तरच ती वाचतील, हे तो वरच्यांना वर्षानुवर्षं सांगत राहिला. त्यांनी त्याचा लाटेचा नकाशा चौकटीत घालून भिंतीवर टांगला. "रंग लई छान आलेत म्हणले," असं तो मला सांगायचा.

मग आजार घेऊन तो बीडला परतला. शेवटचा भेटलो तेव्हाही मांडीवर लॅपटॉप घेऊन तीच लाट सोडत होता. मला बघवेना. म्हणालो, "कॉम्प्युटर तुझा, लाट तुझी. टेकडीच सरकव की बे अलीकडं!"

खोकला येईपर्यंत हसला. मग हळूच म्हणाला, "सरकवलती एकदा. समदे वर चढले रे. म्हातारी माणसंसुदिक..."

"मग?"

"मग काय. पुसून टाकलं. टेकडी तिथं न्हाई ना."

चाळिसाव्या दिवशी त्याच्यासाठीच्या फातेह्याला, दुआ मागायला गेलो, तेव्हा त्याच्या खोलीत त्याचा मोबाईल वाजला. त्याच्या बायकोनं, शाहीनभाबींनी, तो माझ्यापुढे धरला. पलीकडून त्या वस्तीतला कुणीतरी विचारत होता, "साहब, पूल का कुछ हुआ?" साहेब गेल्याचं मी सांगितलं. मग अगदी अदबीनं तो म्हणाला, "तो अब हम किसको पूछें?"



भाबींनी मोबाईल घेतला, ओढणीनं पुसला आणि त्याच्या उशाशी परत चार्जिंगला लावला. "दर जुम्म्याला करतात ते फोन," त्या म्हणाल्या.