सातव्या राजाचे डोळे

त्या राजघराण्यात बारा राजे झाले. बाराही जण भावांशी भांडत मेले. समाधीत मात्र सगळ्यांचे पुतळे एका ओळीत, डोळे मिटून, मोठ्या गुण्यागोविंदाने बसले आहेत. जिवंतपणी पुतळा घडवला तर डोळे उघडे, मेल्यावर घडवला तर मिटलेले, हा त्या घराण्याचा नियम. छताची शिळा कोसळून सातव्याचा चेहरा फुटला. तो मुळात कसा दिसायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे काम सोपं होतं. ते मिस्त्रींकडे आलं.

मिस्त्री चाळीस वर्षं जुन्या वास्तूंची डागडुजी करत होते. बोलणं बेताचं. एकुलता मुलगा अकरा वर्षांपूर्वी जहाजावर कामाला गेला. जहाज परत आलं, तो आला नाही. मिस्त्रींनी त्यावर कधी चर्चा केली नाही. बायकोने मात्र घराचं कुलूप बदलू दिलं नव्हतं. एक किल्ली त्याच्याकडे होती.

नव्या दगडातून आधी कान ओळखीचे निघाले. मग हनुवटी. नाक तरी वेगळं करावं म्हणून मिस्त्रींनी दोनदा छिन्नी चालवली, पण नाक ऐकेना. डबा घेऊन आलेली बायको बघतच राहिली.

"अहो, हा इथे काय करतोय?"

"राजा आहे तो."

"मला शिकवू नका. डोळे मिटायचे नाहीत याचे, सांगून ठेवते."

मिस्त्रींनी डोळे उघडे ठेवले. चाळीस वर्षांतली त्यांची पहिली चूक, तीही जाणूनबुजून.

त्यानंतर राखणदाराने आपली खुर्ची हलवली. सातवा दाराकडे बघतो, म्हणाला, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. मध्ये बसायला नको वाटतं. समाधी बघायला आलेली माणसंही आत शिरली की एकदा मागे वळून पाहू लागली.

साहेब पाहणीला आले. "मिस्त्री, अकरा जण झोपलेत आणि हा एकटा जागा? पहाऱ्यावर बसवलाय काय?"

"चुकलं, साहेब."

"मग मिटा की डोळे."

"उघडलेले मिटता येत नाहीत. दगड काढता येतो, घालता येत नाही."

"तर मग दुसरा चेहरा करा. आणि या खेपेला मेलेला दिसू दे."

बायको तीन दिवस डबा घेऊन आली नाही.

या खेपेला मिस्त्रींनी कुणाचाच नसलेला चेहरा करायचं ठरवलं. फुगीर गाल, मागे सरलेले केस, कपाळावर आठ्या. दोन महिने गेले. शेवटी पापण्या मिटवून त्यांनी धूळ फुंकली, तर समोर मुलगाच. अकरा वर्षांनी थोराड झालेला. हे त्यांच्या हाताला कुणी सांगितलं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी घाईघाईने वर फडकं टाकलं.

दुपारी बायकोने ते ओढून काढलं.

"हा तो नाही," मिस्त्री म्हणाले. "मुद्दाम वेगळा केलाय. नीट बघ, हा—"

"हळू बोला."

तिने अंगठ्याने पापण्यांवरची उरलेली धूळ पुसली.

"अंगाने भरलाय."

"हं."

"कधीपासून झोपलाय?"

मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला. "बराच वेळ झाला असेल."

ती पायरीवर बसली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा रडली. तोंडावर हात दाबून, त्याची झोप मोडणार नाही अशा बेताने.