आठवीचा निबंध आणि धरणाचा रस्ता

आमची शाळा कामशेतहून पवना धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. मी राहते लोणावळ्यात. सकाळी लोकलने कामशेतला उतरायचं, स्टेशनबाहेर सहा आसनी रिक्षा भरायची वाट बघायची आणि शाळा गाठायची. आठवीला मी मराठी शिकवते.

गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर मी मुलांना 'मोबाइल शाप की वरदान' हा निबंध दिला आणि घरी नेऊन तपासायला बसले. एकाच मुलाने पन्नास वेळा लिहिल्यासारखे सगळे निबंध. 'आजच्या विज्ञानयुगात' अशी सुरुवात आणि 'वापर करणाऱ्यावर अवलंबून आहे' असा शेवट. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, "हे सगळं ठीक आहे. पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं? शाप की वरदान?"

मागच्या बाकावरचा एकजण उठला. "मॅडम, मत न्हाई लिवायचं. दोनी बाजू लिवायच्या. मार्क जात्यात न्हाईतर."

तो काही चुकीचं सांगत नव्हता. आजवर मत लिहिलं म्हणून त्यांना कोणी मार्क दिले नव्हते, आणि दोन्ही बाजू लिहिल्या म्हणून कापलेही नव्हते. पण माझं डोकं फिरलं. तेराचौदा वर्षांची मुलं ही. मधल्या सुट्टीत क्रिकेटमधल्या एका रनआऊटवरून घसा बसेपर्यंत वाद घालतात, आणि कागद पुढे आला की एकाचंही मत नसतं.

मग मी विषयच असा दिला की गाइडात सापडू नये. 'पावसाळ्यात शनिवार-रविवारी धरणाचा रस्ता बाहेरून येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांसाठी बंद करावा का?' बंद करावा किंवा करू नये, एकच बाजू घ्यायची. का, ते सांगायचं. आणि प्रत्येक कारणामागे काहीतरी हवं: स्वतः पाहिलेलं, कोणाला विचारून आणलेलं किंवा कुठे वाचलेलं. कुठून आणलं तेही लिहायचं.

पहिली खेप आली तेव्हा मी स्टाफरूममध्ये कपाळाला हात लावून बसले. एकाने लिहिलं होतं, 'एका सर्वेक्षणानुसार नव्वद टक्के लोकांना रस्ता बंद हवा आहे.' सर्वेक्षण कोणी केलं, असं विचारल्यावर म्हणाला, "मनानं लिवलं." एकीने सगळी कारणं 'माझे पप्पा म्हणतात' याच शब्दांनी सुरू केली होती. आणखी एकाने मोबाइलकडून लिहून घेतलं होतं. अक्षर सुंदर, भाषा गुळगुळीत, आणि तिसऱ्या परिच्छेदात 'मावळातील रमणीय समुद्रकिनारे'.

"मावळात समुद्र कुठे आहे?" मी विचारलं.

"मोबाइलनं दिलंय मॅडम. आसंल कुटंतरी."

ही खेप मी परत केली. दुसरीही केली. दर वेळी वर्ग माझ्याकडे असा बघायचा, की या बाईंना नेमकं हवंय तरी काय. विज्ञानाच्या सरांनी मला शांतपणे समजावलं, "अहो, परीक्षेत विचारणारे का हे? कशाला जीव काढताय?" त्यांचंही खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

तिसऱ्या खेपेत एका मुलीचा निबंध निघाला. ही खिडकीकडे बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. धरणाच्या रस्त्यावर तिच्या वडिलांची भज्यांची आणि कणसांची टपरी आहे, हे मला त्या निबंधातूनच कळलं. तिने लिहिलं होतं, 'आमचं घर या गाड्यांवर चालतं. तरी मला वाटतं, रस्ता बंद करावा.' पुढे कारणं होती. पावसाळ्यात रविवारी गाड्यांच्या गर्दीमुळे एसटी फाट्यावरूनच परत फिरते, हे तिने कंडक्टरला विचारलं होतं. तिची चुलती बाळंत होणार होती त्या रविवारी अँब्युलन्स गाड्यांच्या रांगेत अडकून पडली, ते तिने घरून पाहिलं होतं, आणि नंतर आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना भेटून विचारलं होतं, की असं याआधी झालंय का. सिस्टर जे बोलल्या ते तिने त्यांच्याच शब्दांत लिहिलं होतं.

मी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. पहिल्यांदाच वर्ग खरोखर ऐकत होता. एक मुलगा मध्येच म्हणाला, "पन मॅडम, आमचं हाटेल हाय, आमी काय करायचं?" आणि वादाला तोंड फुटलं. तास संपल्याची घंटा झाली तरी थांबेनात. मला इतका आनंद झाला की मी तो निबंध व्हरांड्यातल्या फलकावर लावला.

त्याच आठवड्यात तिचे वडील शाळेत आले. टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले. मी बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"बाई, पोरगी हुशार हाय म्हंत्यात समदे. लय बरं वाटलं," ते म्हणाले. "पन टपरीवाले मला इचारत्यात, तुजीच पोरगी रस्ता बंद करा म्हनती व्हय? आता त्यास्नी काय सांगू मी?"

"तो शाळेचा अभ्यास आहे, भाऊ. ती कुठे अर्ज घेऊन गेलेली नाही."

"ते मला कळतंय. लोकास्नी न्हाई कळत."

ते गेल्यावर मुख्याध्यापकांनी बोलावलं. त्यांनी आवाज चढवला नाही. निबंध काढून घ्या आणि पुढचा विषय वृक्षारोपणाचा द्या, एवढंच म्हणाले. मी भांडले. मुलांना विचार करायला शिकवायचं की नाही, असं बरंच काही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं लोणावळ्याला जाता. तिला इथंच राहायचंय."

मी व्हरांड्यात गेले तर फलकावर निबंध नव्हताच. मुलीने आधीच काढून घेतला होता. दुसऱ्या दिवशी तिने मला नवा निबंध दिला. 'रस्ता बंद करू नये.'

मी तिला मधल्या सुट्टीत थांबवलं. "पप्पा रागावले का?"

"न्हाई मॅडम. त्यांनी पन पुरावा दिला."

"कसला?"

"चुलतीला शेवटी आमच्या टेम्पोतनंच नेलं. बांधाबांधानं, शेतातनं. टेम्पो टपरीच्या पैशातनं घेतलेला. पप्पा म्हनले, गाड्या नसत्या तर टपरी नसती, टेम्पो नसता. मग तिला कशात नेली असती?"

पहिल्या निबंधात टेम्पोचा उल्लेखच नव्हता. अँब्युलन्स अडकली, इथे तो परिच्छेद संपला होता, आणि पुढे काय झालं हे मीही विचारलं नव्हतं.

"तेव्हा हे का नाही लिहिलंस?"

"लिहिलं आसतं तर माझी बाजू कच्ची पडली आसती ना. तुमीच म्हनला हुता, एक बाजू घ्या."

तीन खेपा मी पुरावा आणा, पुरावा आणा म्हणून ओरडत होते. वर्गातल्या सर्वांत चांगल्या मुलीने त्यातून घेतलं काय, तर नको असलेला पुरावा बाहेर ठेवायचा. आणि हा नवा निबंधही तसाच होता. यात टेम्पो होता, पण सिस्टरांचं बोलणं गायब झालं होतं.

"दोन्ही एकाच निबंधात लिही," मी म्हटलं. "टेम्पोही आणि सिस्टरही. आणि मग तुला काय वाटतं ते ठरव."

"माझं तर रोज बदलतंय."

"मग तेच लिही."

तिने वैतागून माझ्याकडे पाहिलं. तो वैताग मला नीट कळत होता. तरी तिने तिसऱ्यांदा लिहिलं. रस्ता पूर्ण बंद नको, पण एक कडेची पट्टी एसटीला आणि अँब्युलन्सला मोकळी ठेवावी, आणि टपऱ्या रस्त्यापासून मागे घ्याव्यात, स्वतःच्या वडिलांचीही. हे तिला मनापासून वाटत होतं, की घरात आणि शाळेत दोन्हीकडे निभावेल म्हणून तिने शोधलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दोन्ही आसंल." हा निबंध फलकावर लावू का, असं मी विचारलं. ती लगेच नको म्हणाली.

वार्षिक परीक्षेत 'माझा आवडता ऋतू' आला. सगळ्यांना पावसाळा आवडत होता.

यंदा मुख्याध्यापकांनी सांगितलंय, विषय आधी दाखवायचा. मी 'सुट्टीच्या दिवशी शाळेचं मैदान पर्यटकांच्या गाड्या लावायला द्यावं का?' असं लिहून दिलं. गेल्या पावसाळ्यापासून ते दिलं जातंय. त्यांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि बघू म्हणाले. त्याला आता महिना होत आला. आठवीचा वर्ग मला रोज विचारतो, मॅडम, विषय काय?