तेरा पावलांची लेन्स

सुरतेच्या लिंबायतमध्ये कुणाचं लग्न ठरलं, की पत्रिका छापायला टाकण्याआधी लोक उज्ज्वलाला तारीख विचारून येतात. गुरुजी एक वेळ बदलून चालतात, आचारी बदलून चालतो, पण फोटो तिनेच काढायला हवा. बाई फोटो काढते म्हणून ज्यांनी एके काळी नाकं मुरडली होती, त्यांच्याच नातवंडांच्या लग्नात हल्ली ती आजोबांना दरडावते, "आबा, टोपी वर करा, कपाळ दिसत नाही." आणि आबा निमूटपणे टोपी वर करतात.

खानदेशातल्या पारोळ्याकडून लग्न होऊन ती सुरतेत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नवरा छगन डाइंग मिलमध्ये कामाला, आणि ती घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. एकदा तयार साड्या घेऊन मार्केटात गेली, तर तिथे साड्यांचे फोटो काढणारा एक जण हाताखाली बाई शोधत होता. साडीच्या निऱ्या धरून उभं राहायचं, एवढंच काम. निऱ्या धरता धरता हिने कॅमेरा कसा धरतात ते बघून घेतलं. तीन वर्षांनी तो माणूस आजारी पडला तेव्हा अख्ख्या मोसमाच्या साड्यांचे फोटो हिनेच काढले. पुढे ती लग्नांकडे वळली. साडी हलत नाही आणि माणसं गप्प बसत नाहीत, बाकी काम तेच, असं ती म्हणते. ते काही खरं नाही. साडीचा फोटो बिघडला तर दुसरी साडी मिळते, दुसरं माणूस मिळत नाही, हे तिला जितकं ठाऊक आहे तितकं सुरतेत दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल.

झालं असं, की लिंबायतच्या गल्लीतलं लग्न म्हणजे समोरासमोरच्या घरांच्या मधे टाकलेला मंडप. भाऊबंदांचा फोटो काढायची वेळ आली की तिचं घोडं तिथेच अडायचं. पस्तीस माणसं, तीन रांगा, आणि हिची पाठ समोरच्या भिंतीला टेकलेली. दोन्हीकडची चार माणसं फोटोबाहेरच राहायची, आणि ती चार माणसं मग वर्षभर ते बोलून दाखवायची. शेवटी ती लेन्स बघायला गेली. दुकानदाराने एक आखूड, जाडजूड वाइड लेन्स तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "बेन, आ लई जाव. आखी जान आवी जशे." अख्खं वऱ्हाड मावेल, असं त्याचं म्हणणं. तो खोटं बोलला नाही. वऱ्हाड मावलं, मंडप मावला, कोपऱ्यातलं पाण्याचं पिंपही मावलं. दीड वर्ष उज्ज्वला त्या लेन्सवर इतकी खूश होती, की छगन तिला म्हणायचा, माझा फोटो भिंतीवरून काढ आणि हिचाच लाव.

मग एका दुपारी पलीकडच्या गल्लीतला महेश आला. तो एम्ब्रॉयडरी मशीनवर काम करणारा, अबोल मुलगा. त्याच्या लग्नाचे फोटो उज्ज्वलानेच काढले होते, नव्या लेन्सने. त्याची आई सुभद्राबाई गेली होती. तेराव्याला मांडायला फोटो हवा होता.

"मोबाइलमध्ये नाही का रे एखादा?" तिने विचारलं.

महेशने मोबाइल पुढे केला. नातवाचे चारशे फोटो होते. त्यांत आजीचा हात होता, पदर होता, एकात अर्धा चष्मा होता. कुणी मोबाइल वर केला की सुभद्राबाई तोंडावर पदर घेऊन बाजूला व्हायची. सगळं तोंड दिसेल असा एकच फोटो होता, महेशच्या लग्नातला, भाऊबंदांबरोबरचा.

आपल्याकडे हे असंच असतं. भिंतीवरचा हार घातलेला फोटो पुष्कळदा कुणाच्या तरी लग्नातून कापून काढलेला असतो, म्हणून तर फोटोतली माणसं नवे कपडे घालून जराशी बाजूला बघत असतात. उज्ज्वलाने कॉम्प्युटरवर तो फोटो उघडला. सुभद्राबाई विधवा. पोटच्या मुलाचं लग्न, तरी अगदी कडेला, कुणाच्या मधे यायला नको म्हणून भिंतीला खेटून उभी. उज्ज्वलाने तिचा चेहरा मोठा केला. एक गाल कानापर्यंत ताणलेला, डोकं एका अंगाला फुगलेलं. वाइड लेन्स सगळ्यांना सामावून घेते खरी, पण मधल्यांना धक्का लावत नाही, सगळी ओढाताण कडेच्यांची करते. दीड वर्ष हे तिच्या डोळ्यांसमोर होतं. तिने मोठे करून बघितले होते ते फक्त नवरानवरीचे चेहरे.

दोन दिवस बसून तिने तो चेहरा दाबून बारीक केला, डोळे सरळ केले. महेशने फोटो पाहिला आणि तो म्हणाला, "चालेल, ताई." त्या 'चालेल'ने तिला रडू आलं. तेराव्याला ती गेली तेव्हा महेशच्या घरासमोरच्या पिठाच्या गिरणीचे धुडकूआप्पाही आले होते. दोन्ही घरांत नऊ वर्षांचं वैर. गिरणीचं पीठ उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतं, यावरून सुरू झालेलं. आप्पांना त्या घरच्या लग्नाचं बोलावणं नव्हतं, पण मरणाला बोलावणं लागत नाही. ते फोटोसमोर उभे राहिले, हात जोडले, आणि कुणाशी न बोलता निघून गेले.

उज्ज्वलाने कानाला खडा लावला. आधी तिने माणसं हलवून पाहिली. कडेच्या म्हाताऱ्यांना हाताला धरून मधे आणायची आणि कॅमेऱ्याकडे वळायची, तोवर त्या परत कडेला. "आमचं काय मेलं, पोरांना ऱ्हाऊ दे मधे," असं म्हणत हसायच्या. माणसं ऐकेनात, तेव्हा तिने लेन्स बदलली. साधी, पन्नास एमएमची. ती कडेच्या माणसाचा चेहरा बराचसा होता तसा ठेवते. फक्त त्याची किंमत पायांना मोजावी लागते, कारण पस्तीस माणसांसाठी तेरा पावलं मागे जावं लागतं. तेव्हापासून लग्नाच्या आदल्या दिवशी उज्ज्वला गल्लीत पावलं टाकत हिंडते. कुणाच्या स्वयंपाकघरातून, कुणाच्या टेम्पोच्या टपावरून, एकदा तर संडासाच्या उघड्या दारात उभी राहून तिने फोटो काढलाय. लोक हसतात. हसू देत.

दोन वर्षांनी महेश पुन्हा आला. बहिणीचं, प्रियांकाचं लग्न होतं, तेही घरासमोर गल्लीतच. "फोटो तूच काढ, ताई," एवढंच म्हणाला. सुभद्राबाईची धाकटी बहीण शांताबाई, तीही विधवा, बहीण गेल्यापासून महेशकडेच राहायला आलेली. आता लग्नघराची मोठी बाई तीच. ती कुठे उभी राहणार हे उज्ज्वलाला सांगायची गरज नव्हती.

आदल्या दिवशी तिने पावलं टाकली. सातव्या पावलाला पाठ धुडकूआप्पांच्या गिरणीच्या शटरला लागली. उरलेली सहा पावलं गिरणीच्या आत होती.

आप्पा दळण दळत होते. उज्ज्वलाने ओरडून ओरडून सगळं सांगितलं.

"त्यासना फोटू, आनि मना घरमाईन?" त्यांचा फोटो, तोही माझ्या घरातून, असं म्हणत आप्पांनी भुवया वर केल्या. भुवयांवरही पीठ.

"आप्पा, फोटू त्यासना नही. शांतामायना शे. ती कडेले उभी ऱ्हास."

आप्पांनी पिठाची धार चिमटीत धरून बघितली. मग म्हणाले, "सुभद्रावहिनीना तो फोटू मी देखेल शे. ती वहिनी नही वाटस."

उज्ज्वलाला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. फोटो कुणी काढला हे आप्पांना चांगलं ठाऊक होतं. "सकाय गिरणी बंद शे," म्हणजे उद्या गिरणी बंद, असं म्हणून त्यांनी पुढचं दळण घातलं. हो नाही, की नाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शटर खाली. बाराच्या सुमाराला अक्षता पडल्या, आणि पंगती बसायच्या आत महेशने भाऊबंदांना उभं केलं. तीन रांगा झाल्या. शांताबाई उजवीकडे अगदी कडेला, पदर डोक्यावर, अर्धी मांडवाच्या बांबूआड. उज्ज्वला सात पावलं मागे आली आणि शटरला टेकली. कॅमेऱ्यातून पाहिलं, तर दोन्हीकडची माणसं बाहेर. शांताबाई दिसतच नव्हती.

"ताई, लवकर! वरणभात थंड होतोय," कुणीतरी ओरडलं. मुलाकडचा फोटोग्राफर कतारगामचा होता. तो पुढे आला आणि सलोख्यानेच म्हणाला, "बेन, मारी पासे वाइड छे. हुं पाडी दऊं?" मीच काढून देतो, म्हणत होता.

तिच्याही पिशवीत ती जुनी लेन्स होती, स्टेज वगैरे घ्यायला ठेवलेली. मिनिटभराचं काम. पस्तीस जणं खूश होतील, आणि कडेची बाई काही बोलणार नाही. तिची बहीणही बोलली नव्हती. उज्ज्वलाचा हात पिशवीत गेला. लेन्स हाताला लागलीसुद्धा.

तेवढ्यात तिच्या पाठीमागचं शटर खडखडलं आणि आतून वर गेलं.

धुडकूआप्पा धोतर, स्वच्छ सदरा आणि टोपी घालून आत उभे होते. गिरणी झाडलेली. पोती, डबे, काटा, सगळं एका भिंतीला रचलेलं. एवढं सगळं सत्तरीच्या म्हाताऱ्याने सकाळपासून बंद शटरच्या आत एकट्याने हलवलं होतं.

"मोज तुना पावलं," ते म्हणाले.

सहा पावलं भरली. अकराव्याला एक पोतं आडवं येत होतं, ते आप्पांनी पायाने सरकवलं. उज्ज्वलाने पन्नासच्या लेन्समधून पाहिलं. तिन्ही रांगा, दोन्ही कडा. अकरा वर्षं ज्या गिरणीकडे बघायचं नाही असं ठरलेलं, तिच्याकडेच आता सगळ्यांची तोंडं होती. महेश म्हणाला, "आप्पा, तुम्ही पण या ना."

"माले काम शे," आप्पा म्हणाले, आणि शटर खाली घसरू नये म्हणून ते वर धरून उभे राहिले. ते शटर काही घसरत नव्हतं.

"शांतामाय, बांबूच्या पुढे या! पदर थोडा मागे!" उज्ज्वला ओरडली. "आता माझ्याकडे बघा. इकडे, आप्पांच्या गिरणीत!" शांताबाईने मान वर करून पाहिलं. आप्पांनी शटर धरलेलं बघून तिला हसू आलं, आणि उज्ज्वलाने बटण दाबलं.

पंगतीकडे सगळे पांगले. शांताबाई मात्र गल्ली ओलांडून सरळ गिरणीत आली. अकरा वर्षांत त्या घरचं कुणी तो उंबरा चढलं नव्हतं. दळण दोन गल्ल्या पलीकडे न्यायचे. आप्पा बाजूला झाले. उज्ज्वलाने कॅमेऱ्यावर तिचा चेहरा मोठा करून दाखवला. गाल जागच्या जागी, गोंदण दिसतंय, पुढचा पडलेला दातही दिसतोय.

शांताबाईने कॅमेरा हातात घेतला. मग मागे आलेल्या महेशला म्हणाली, "मी गयी का हाऊच फोटू लावजो रे." म्हणजे, मी गेले की हाच फोटो लाव.

"मावशी, आजच्या दिवशी काय बोलतेस!"

"आजच बोलनं पडस. सकाय कोन देखस?" तिने कॅमेरा महेशकडे वळवला. "देख ना. मनी बहीनबी अशीच हसे."

महेशने वाकून पाहिलं. या वेळी तो 'चालेल' म्हणाला नाही. त्याने मावशीचा हात धरला आणि तिथेच, आप्पांच्या पोत्यावर, तिच्या शेजारी बसून रडला. उज्ज्वलाने कॅमेरा बंद केला. तो फोटो तिने काढला नाही.