गंगथडीची पाटी

आजही ती घटना आठवली की आधी आठवतो तो गोंधळ. गोदावरीकाठच्या पट्ट्याला बीड जिल्ह्यात गंगथडी म्हणतात. तिथल्या नव्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कोणत्या गावाचं नाव द्यायचं, यावरून शेजारची दोन गावं हातघाईवर आली होती. शेवटी कोणाचंच नको म्हणून ‘गंगथडी प्राथमिक आरोग्य केंद्र’ अशी पाटी भिंतीवर लागली. काही महिन्यांनी ती चोरीला गेली.

मी नुकताच तिथल्या पोलीस ठाण्यात बदलून आलो होतो. चौकशीला ज्याला बोलवावं, तो समोरच्या गावातली चार नावं सांगून मोकळा होई. भंगारात ज्याची फुटकी कवडीही येणार नाही असा पत्रा कोण नेईल, ते डोक्यात शिरेना. पत्र्यापायी डोकी फुटतील ही धास्ती मात्र खरी होती.

मग खबऱ्यानं सांगितलं, एका म्हाताऱ्याच्या बैलगाडीत कडब्याखाली पत्रा दिसला. म्हातारा कोणत्याच गटातला नव्हता. त्याला ठाण्यात आणलं.

“पाटी कुठं लपवली?” मी दरडावून विचारलं.

“लपवली न्हाई. सायब, तुमी पंचनाम्याला आलता, तवा फाट्यावर बरूबर कसे वळलात?”

माझा चालकही नवाच. फाट्यावर बाभळीला तारेनं बांधलेली पाटी वाचूनच आम्ही जीप वळवली होती; चोरीला गेलेली तीच, हे ध्यानातही आलं नव्हतं. गावकरी शेतांमधल्या पाणंदीनं ये-जा करतात, त्यांना ती दिसलीच नव्हती.

“सून दवाखान्यात अडली व्हती,” म्हातारा म्हणाला. “तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला बीडची गाडी आली ती फाट्यावरून सरळ फुडं गेली. लई उशीर झाला, लेकरू गेलं. आता लेक पहिल्या बाळंतपणाला आलीय. दवाखान्यात पोचलेल्याला पाटी कावून पायजे?”

हवालदार म्हणाला, मुद्देमाल ठाण्यात आणू. नियमानं त्याचं बरोबर होतं. मी दोन्ही गावांच्या पुढाऱ्यांना फाट्यावर बोलावून म्हाताऱ्याला तेच पुन्हा सांगायला लावलं. कोणी मान वर केली नाही. जप्तीचा पंचनामा तिथेच केला आणि पाटी बाभळीवर होती तिथेच ठेवून पोलीस पाटलाच्या ताब्यात दिली.

त्या माणसाला चोर म्हणावं का, हे मला अजून ठरवता येत नाही. काय चोरीला गेलं हे विचारायची सवय आम्हाला असते. ते कोणाला कुठं हवं होतं, हे त्यानंतर मी आधी विचारू लागलो.

पुढे पोलीस पाटलाचा फोन आला. म्हाताऱ्याला नातू झाला की नात, ते त्यानं सांगितलंच नाही. म्हणाला, “सायब, गाडी फाट्यावर वळली.”