हात मांड्यापर्यंत

पहिल्या भेटीत अक्कांनी ना आपलं दुखणं सांगितलं, ना माझं नाव विचारलं. डावा हात झोकात वर केला, उजवा कमरेपाशीच अडला, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ताई, हाऊ हात कितला वर जाई?"

पुढे हे रोजचंच झालं. जळगावच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोक 'व्यायामवाल्या ताई' म्हणतात आणि मालीशही करता का, असं विचारतात. अक्का एरंडोलकडच्या, मांडे करणाऱ्या. तुमच्यापैकी जे खानदेशचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत पार कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. लग्नाची तारीख काढण्याआधी लोक अक्कांना विचारत, असं अक्का स्वतःच सांगत. मी ते खरं धरून चालले.

त्यांच्या डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ होती. लाजेपायी वर्षभर अंगावर काढली. आमच्याकडे आल्या तोवर रोग हाडांत पोचला होता आणि उजव्या दंडाचं हाड आतून पोखरलं होतं.

मुलाने सर्जनपुढे हात जोडले, तेव्हा मीही तिथे होते. "साहेब, गाठ काढी टाका. ती तशीच ऱ्हायनी ते माय कशी जगी?"

आमचे सर्जन एरवी तुसडे. त्या दिवशी मात्र खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "गाठ काढली तरी हाडांतला रोग तिथेच राहील. त्याला सगळ्या अंगात फिरणारं औषध लागतं, ते सुरू करतोय. पण हे दंडाचं हाड कधीही मोडेल. त्यात सळई घालू या. त्याने आयुष्य वाढेल असं मी म्हणणार नाही. हात वाचेल."

ऑपरेशन करायचं आणि गाठ तशीच ठेवायची, हे मुलाला काही केल्या पटेना. अक्कांनी त्याला हातानेच गप्प केलं.

"गाठ ऱ्हाऊ द्या, दादा. हात वाचाडा. सुनले मांडा शिकाडना बाकी शे."

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "डावीकडे रोग, उजवीकडे सुरी! काय डॉक्टर शे हाऊ!" आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

सळई बसली. नंतर दंडाला रेडिएशन झालं. आपल्याकडे त्याला शेक म्हणतात. मी धीर द्यायला गेले तर म्हणाल्या, "चाळीस वरीस खापरना शेक लिधा. हाऊ काय करी माले?"

मग त्या माझ्या ताब्यात आल्या, की मी त्यांच्या, देव जाणे. हात किती अंश वर गेला हे मी यंत्राने मोजायची. अक्कांना अंश मान्य नव्हते. हात जरासा उचलला की "आज फुलका." छातीपर्यंत आला की "आज पोळी." जायचं होतं मांड्यापर्यंत, पण पोळीवरच गाडी अडली. दोन आठवडे पोळीच. एका सकाळी त्यांचे डोळे भरून आले. "नही व्हत, ताई."

मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, "बरं अक्का, मग सून फुलकेच करेल."

दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी हात खांद्याच्या वर नेऊन दाखवला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांनी मला घरी बोलावलं. खापर तापलं होतं, शेजारी सून बसली होती. पहिला मांडा मधोमध फाटला. अक्का म्हणाल्या, "हाऊ डॉक्टरना."

दुसरा गोळा हातावरून हातावर फिरला, पातळ होत कोपरापर्यंत आला, दंडावरच्या वणाला टेकला आणि अखंड खापरावर उतरला. पिठाचे हात तसेच उचलून त्या माझ्याकडे वळल्या. "आज मांडा लिखी ले."

तिसरा गोळा त्यांनी सुनेच्या तळहातावर ठेवला. मला रडू आलं आणि अभिमानही वाटला. सर्जनचा, माझा स्वतःचा, आणि सगळ्यांत जास्त त्या बाईचा, जिने सुरीकडे नेमकं काय मागायचं ते ओळखलं.

पुढच्या आखाजीला अक्का नव्हत्या. रोगाने आपलं काम केलंच, पण तो हात शेवटपर्यंत मोडला नाही. त्या आखाजीला सुनेने हॉस्पिटलात डबा पाठवला. त्यात एक मांडा मुद्दाम फाडलेला होता, सर्जनसाहेबांच्या नावाचा. ते तो केबिनमध्ये दार लावून खात बसले.

परवा नव्याने रुजू झालेली एक मुलगी जुन्या फायली चाळत होती. "मॅडम, इथे अंशांच्या रकान्यात 'मांडा' लिहिलंय. म्हणजे किती?"

मी उठून उभी राहिले, दोन्ही हात वर केले आणि म्हटलं, "एवढं."