सत्यवती सिस्टरचा शेवटचा पेशंट

मी इंग्रजीचा मास्तर, आणि मास्तराला आपली चूक कबूल करणं जड जातं. तरी सांगतो. सत्यवती तांडेलला मी आयुष्यात एकच मोठा सल्ला दिला, आणि तो साफ चुकीचा होता.

तारकर्लीत आमची घरं जवळजवळ. तिचा नवरा धोंडू होडी घेऊन दर्यावर, सासू शेवंती मासळी विकायला बाजारात आणि ही तालुक्याच्या रुग्णालयात नर्स. तीन वर्षांचा डिप्लोमा आणि अकरा वर्षांची नोकरी. शेकड्यांनी बाळंतपणं केलेली. पण तिच्या मनात एक सल होता. वॉर्डात काही वावगं दिसलं आणि तिने सांगितलं, तर कालपरवा आलेला डॉक्टरही मान हलवून पुढे जायचा. नर्सचं कोण ऐकतं?

म्हणून २००० साली तिने मुक्त विद्यापीठात नर्सिंगच्या पदवीला नाव घातलं. पोस्टाने पुस्तकांचे गठ्ठे आले, सगळे इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओसरीवर हजर.

"सर, माका इंग्लिश शिकवा."

"तुका मराठी तरी धड येता?" मी म्हटलं. ती हसली आणि पुस्तक उघडून बसली.

चार-साडेचार वर्षं हे चाललं. ड्युटी, घर, सासूची कुरकुर ("आता ह्या वयात कसला गो शिक्षण?"), पोस्टाने पाठवायच्या उत्तरांच्या वह्या आणि संपर्कवर्गांसाठी पहाटेच्या एसटीने जिल्ह्याबाहेर जाणं. लेखी पेपर तिने एकेक करत सोडवले. अडली ती प्रात्यक्षिकाला. परीक्षेत एक गरोदर बाई दाखवतात, सोबत तिचा केसपेपर. तपासून निदान सांगायचं. पहिल्या खेपेला ती केसपेपरात होतं त्याहून वेगळं काहीतरी बोलली. परीक्षकांनी इंग्रजीत कारण विचारलं आणि बाईसाहेबांची दातखीळ बसली. नापास.

आता मुदत संपत आलेली. जानेवारी २००५चा प्रयत्न शेवटचा. हुकला तर सगळी वर्षं पाण्यात. तेव्हा मी तिला बजावलं, "हे बघ, शहाणपणा नको. कागदावर असेल तेच सांग आणि पास हो." ती वह्या गोळा करून उठली. मला वाटलं, पटलं.

परीक्षेत काय झालं ते तिनेच नंतर मला सांगितलं. समोर पलंगावर कुणकेश्वरची एक बाई होती, पहिलटकरीण. पाळीची तारीख केसपेपरावर पंधरा एप्रिल. म्हणजे एक्केचाळीस आठवडे झालेले, दिवस उलटलेले. दुसऱ्या दिवशी कळा आणायचं औषध द्यायचं ठरलेलं. सत्यवतीने पोटावर हात ठेवला आणि तिथेच थबकली. बाळ लहान. डोकं अजून वर, हाताने सहज हलणारं. टेप लावली, पस्तीस सेंटिमीटर; एरवी जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर भरतात.

"निदान?" परीक्षक बाईंनी विचारलं.

माझा सल्ला तिला आठवला होता. दिवस भरून गेले, बाळाची वाढ खुंटली, एवढं म्हटलं असतं तरी कागदाशी जमत होतं आणि पदवी पदरात पडत होती. पण उद्या ह्या बाईला कळा आणणार होते. सत्यवतीने परीक्षक बाईंची परवानगी घेतली आणि पेशंटकडे वळली.

"गो, तुझो घोव दर्यार जाता मा? होडी वयर काढलास तेव्हा तू खंय होतंस?"

"मी लांब बसलेलंय," ती बाई म्हणाली. "होडयेक हात लावक गावलो नाय. नारळ नणदेन फोडल्यान."

"त्याच्यानंतर परत पाळी इली?"

"नाय. तीच अखेरची."

"मगे कागदार ही तारीख कशी?"

"केसपेपर काढताना तारीख इचारतत. ठावक नाय म्हटला तर वराडतत. म्हणान एक सांगलंय."

पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि नारळ फोडतात तो मे महिन्याचा शेवटचा आठवडा. ते कोळ्याच्या सुनेला कॅलेंडरात बघावं लागत नाही. सत्यवती वळली आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, तारीख चुकलीय, पस्तीस आठवडेच झालेत, उद्या औषध देऊ नका, बाळ कच्चं आहे. कारण विचारलं तेव्हा ह्या खेपेला ती गप्प बसली नाही. इंग्रजी संपलं तिथे मराठीत बोलली, पण सगळं बोलली.

परीक्षक बाईंनी वहीत लिहिलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

ती घरी आल्यावर मी तिच्यावर असा भडकलो की शेवंती सुनेची बाजू घ्यायला धावली. "सर, त्या बायेचा वायट होतला ह्या दिसत असताना मी गप रवलंय असतंय, तर ती पदवी मी खंय टांगूची?" सत्यवती म्हणाली. मी आणखीच चिडलो.

महाशिवरात्रीच्या दिवशी सत्यवतीचा रुग्णालयातून फोन आला. त्या बाईला औषध दिलंच नव्हतं. परीक्षा संपताच परीक्षक बाईंच्या सांगण्यावरून तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा तपासून सोनोग्राफी केली होती आणि थांबायचं ठरवलं होतं. आज तिला आपसूक कळा येऊन मुलगी झाली, तीन किलोची, खणखणीत रडणारी. बाईच्या नवऱ्याने सत्यवतीचा नंबर हुडकून कळवलं होतं. सत्यवती फोनवर रडत होती, आणि लाज कसली, मीही रडलो.

एप्रिलात निकाल लागला. पास. प्रात्यक्षिकात केंद्रात पहिली. मी पेढे घेऊन गेलो तर शेवंती भर बाजारात टोपली ठेवून ओरडत होती, "माझी सून बी.एस्सी. झाली!" मासळी घेणाऱ्या प्रत्येकाला तिने ते ऐकवलं, न घेणाऱ्यालाही.

पुढल्या वर्षी मी रक्तदाब दाखवायला रुग्णालयात गेलो होतो. रांगेत बसलो असता एक तरुण डॉक्टर हातात केसपेपर घेऊन घाईघाईने बाहेर आले आणि शिपायाला म्हणाले, "सत्यवती सिस्टरना बोलवा आधी. त्यांनी हात लावून बघितल्याशिवाय मी ह्या बाईचं काही ठरवणार नाही."