टेस्टिंगची तिसरी घंटा

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. बांधकामाचा धंदा आहे माझा. स्लॅब गळला की लोक नजर लागली म्हणतात, मी वॉटरप्रूफिंग बघतो. तरीही हे लिहायला बसलोय...

वारूळवाडीजवळचं आमचं जुनं नाट्यगृह. जत्रेच्या दिवसांत तमाशा, एरवी नाटकं, शाळांची गॅदरिंग. दुरुस्ती माझ्याकडे होती — नवी वायरिंग, आग लागली तर बाहेर पडायला रुंद दार, आणि स्टेजवर जाणारा रॅम्प. त्या रॅम्पमध्ये माझा जीव होता. माझी नऊ वर्षांची मुक्ता व्हीलचेअरवर असते. गॅदरिंगला ती कायम खालूनच टाळ्या वाजवायची.

रॅम्प झाला त्या दुपारी तिला घेऊन गेलो. ती स्टेजच्या मधोमध, मी शेजारी. खाली इलेक्ट्रिशियन दत्ता नवी घंटा तपासत होता. दोनदा वाजवून तो थांबला.

"तिसरी नको राव. खेळ नसला तर तिसरी देत न्हाईत हितं. दिली तर खेळ करावाच लागतो."

"अरे, टेस्टिंग आहे. दाब!"

त्याने दाबली.

तिथल्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस बसला की सीट खाली, उठला की आपोआप वर. रिकाम्या हॉलमध्ये सगळ्या वरच होत्या... पहिल्या रांगेतली एक खाली आली. मग शेजारची. मग रांगच्या रांग — खट्, खट्, खट्...

दत्ता नव्या दाराकडे पळाला. ढकललं की उघडणारं दार, सकाळी मीच तपासलेलं. उघडेना! मी मुक्ताची चेअर ओढली. ब्रेक मोकळे, तरी चाकं हलेनात. जे कोणी बसले होते, ते माझ्या पोरीकडे बघत होते.

"पोरीला काय तरी म्हनायला सांगा, भाऊ!" दत्ता रडकुंडीला आला होता.

मुक्ताने शाळेतली प्रार्थना म्हटली. आवाज थरथरत होता, पण पूर्ण म्हटली, हात जोडले. मग मागच्या रांगेपासून सीट वर जाऊ लागल्या. दार उघडलं. मी तिला उचलूनच बाहेर पळालो.

नंतर स्प्रिंग तपासल्या, दार तपासलं. कशातच दोष नाही. असं का झालं, मला आजही सांगता येत नाही. पहिल्या रांगेतली मधली एक सीट मात्र तेव्हापासून वर जात नाही. मी, दत्ता आणि एक गवंडी, तिघांनी जोर लावून पाहिला.

उद्घाटनाला मुक्ताचं गाणं आहे. आयुष्यात पहिल्यांदा ती सगळ्यांसमोर स्टेजवर जाणार, तिला नाही कसं म्हणू? ती खुशीत सांगते, "बाबा, सगळे गेले, पण एक जण माझ्या गाण्यासाठी थांबलंय."

मी हसतो. त्या दिवशी तिसरी घंटा द्यायची की नाही, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.